शिवेवरचा गाडा

१ जुलै, मंगळवार, सायंकाळ
पुण्यनगरीचा त्याग केला. व्हीआरएस घेऊन हातकणंगल्याजवळच्या या जन्मग्रामी, इयत्ता चौथीनंतर प्रथमच, कायमचा आलो. धर्मपत्नी क्रांतीची अट एकच: ती येत्या शुक्रवारनंतरच्या शुक्रवारी सामानासह येईल; तोवर गावाने आपलं मानलं असेल, तर राहील, न मानलं, तर मी मुकाट फ्लॅटवर परतायचं. अट हास्यास्पद. गाव माझीच प्रतीक्षा करीत होते.
संकल्प: ग्रामजीवनाचे सूक्ष्म निरीक्षण.
पहिले निरीक्षण: आत्ताच सारे गाव हलगी वाजवत दारावरून शिवेकडे गेले. परतताना हलगी बंद. कोणी बोलेना, कोणी मागे पाहीना. शिस्त स्पृहणीय.

२ जुलै, प्रातःकाळ
मॉर्निंग वॉक. शिवेवरच्या झाडाखाली एक चिमुकला लाकडी गाडा बेवारस आढळला. तांबडी चाके, हिरव्या बांगड्या, हळदकुंकू, एक लिंबू. लोककलेची केवढी ही उपेक्षा! उचलून आणला. हॉलमधल्या शोकेसमध्ये, टीव्हीशेजारी, यथाविधी स्थापना.
लिंबाचे सरबत केले. किंचित कडवट.

३ जुलै
शेजारच्या आक्काताई भाकरी आणि ठेचा घेऊन आल्या. शोकेसकडे दृष्टी जाताच ताट उंबऱ्यातच ठेवले, "आगं बाई गं" म्हणत पदर तोंडाला लावला आणि निघून गेल्या. अभिजात कला मनुष्याला निःशब्द करते.

५ जुलै
दूधवाला बाळासो आता दारात येत नाही. कोपऱ्यावरच्या दगडावर किटली ठेवतो आणि दुरून शिट्टी मारतो. आदरयुक्त अंतर.
'ग्रामसंस्कृती' या विषयावर पारावर व्याख्यान योजिले होते. मी बसलो, पार रिकामा झाला. विषय गहन पडला असावा.
दिवेलागणीला कुत्री फाटकासमोर ओळीने बसतात आणि एकसुरात रडतात. तुळस वाळली. घसा धरला आहे. ऋतुपालट.

६ जुलै, रविवार
चुलतबंधू गुंडू आला. आत येईना. फाटकातूनच ओरडला, "दादा, काय केलासा ह्ये! गावाची समदी पिडा मरगाईदेवीच्या गाड्यात घालून आमी शिवंभाईर सोडली, आन् तुमी ती टीव्हीजवळ मांडलासा व्हय?"
ही निव्वळ लोकसमजूत आहे, असे मी शांतपणे सांगितले.
"आसंल की! पर धोंडुबाईच्या म्हशीनं कालधरनं वैरणीला तोंड लावल्यालं न्हाय. म्हशीची बी समजूतच हाय व्हय?"
या गावास प्रबोधनाची नितांत आवश्यकता आहे. मी लाभलो, हे त्याचे भाग्य.

८ जुलै
अंग तापले आहे. ज्वर नव्हे, ऋतुपालट. लोकभावनेचा मान राखावा म्हणून (भय लेशमात्र नाही) गाडा शिवेवर नेला. पलीकडच्या गावचे लोक काठ्या घेऊन सज्ज. "पावणं, हिकडं ठिवायचं न्हाय. न्या माघारी." माघारी वळलो, तो आमचे गाव उभे. गुंडू म्हणाला, "आता हिकडं बी न्हाय, दादा. एकदा घरात घेतल्याली पिडा शिवंवर उतरत न्हाय. ज्यानं घेतली, त्येच्याच संगं जाती."
दोन ग्रामांचे एखाद्या व्यक्तीविषयी इतके मतैक्य विरळा. अंधार पडल्यावर वाट दिली. गाडा पुनश्च शोकेसमध्ये, तोंड भिंतीकडे.

९ जुलै
गाड्याचे तोंड आज माझ्या खुर्चीकडे. पंख्याचा वारा असावा.
वीज कालपासून नाही.

११ जुलै, शुक्रवार
क्रांती आली. रिक्षा शिवेपुढे येईना, म्हणून बॅगा ओढत आली. गावाने मानलं का, विचारले. मी दाराबाहेर बोट दाखवले: सारे गाव रस्त्याच्या दुतर्फा, हलगीसह. तिने गावाकडे पाहिले. माझ्या कपाळाला हात लावला. मग माझी बॅग भरली.
गाडा मात्र तिला फार आवडला. बाल्कनीत शोभेल, म्हणाली. मी सर्व सांगणार होतो, तेवढ्यात खोकल्याची उबळ आली.
निघताच हलगी कडाडली. आक्काताई, बाळासो, लेकुरवाळ्या बाया, सारेच निरोपास आले. मी सर्वांना हात जोडले. हे प्रेम पाहून क्रांती काय ते समजेल.
शीव ओलांडताच हलगी थांबली. वळून पाहिले. सगळ्यांच्या पाठी.

त्याच दिवशी, रेल्वेत
गाडा क्रांतीच्या मांडीवर आहे. मिरज येण्यापूर्वी ती दोनदा खोकली.
ऋतुपालट.