बाराव्या ओळीतला निरोप

४ ऑगस्ट
जालन्याचं कॉलेज सोडलं तरी माझं लॉगिन अजून चालू! खुन्नस म्हणून जुनाच प्रोग्राम पाठवला, ज्याला तपासणाऱ्या मशीननं शून्य दिल्तं. तेव्हा नुसतं शून्य यायचं. भर लॅबमध्ये तातेराव सरांवर ओरडलो होतो, "उत्तर बराबर हाये, मंग चुकलं काय ते तरी सांगा!" कीबोर्ड आपटून जो निघालो तो निघालोच.

आज शून्याखाली लिहून आलं: "थांब की जरा. बेरीज बरोबर आहे. फक्त आकडा हवा होता, तू शब्दही छापलेस."

थांब की जरा! हे आमच्या वर्गातल्या गंधालीचं. मी तापलो की ती हेच म्हणायची. मी गेल्यावर तिनंच प्रोजेक्ट घेतल्तं — मशीननं चूक समजावून सांगावी म्हणून. माझ्यासाठीच ना?

५ ऑगस्ट
मुद्दाम चुका करून राह्यलो. प्रत्येक चुकीला ती बोलते.

७ ऑगस्ट
अंबडच्या दुकानाचा मालक राधेश्यामभाऊ म्हणतो, "मोबाईल खोलायला बसवलंय तुला, दात काढायला न्हाई!" काल एका चुकीला उत्तर आलं, "या चुकीसाठी सूचना अजून लिहिलेली नाही." आज तीच चूक पाठवली — सूचना तयार! "फेरा संपतच नाही. कुठे थांबायचं ते तू सांगितलं नाहीस." म्हणजे ती रोज बघते!

९ ऑगस्ट
वर्गातल्या शीतलचा फोन. गंधालीला बघायला पुण्याचा निखिल आल्ता. पसंती झाली म्हणे. अंबडहून अंकुशनगरला घरापर्यंत गाडी कशी चालवली, आठवत न्हाई. आई ताट झाकून बसली होती.

१० ऑगस्ट
प्रोग्राममध्ये मशीन सोडून देतं अशी ओळ लिहिता येते — कमेंट. माणसानं वाचायची. बाराव्या ओळीत लिहिलं: "गंधाली, हो म्हणू नको. मी परत येतो. पाहिजे तर सरांचे पाय धरतो." पाठवून टाकलं.

११ ऑगस्ट
"बारावी ओळ मशीनने वाचली नाही. माणसाने वाचली. घाई करू नकोस."
घाई करू नकोस!! उद्याच जालना!

१२ ऑगस्ट
कॉलेजच्या गेटवर गाठली. "माझी ओळ वाचलीस ना?" तर म्हणते, "कुठली ओळ?" मी सगळं सांगितलं. ती खालीच बघत होती. "अरे, सुरुवातीच्या सूचना माझ्या. प्रोजेक्ट संपलं, मी सोडलं. आता तातेराव सर लिहितात. सगळ्यांच्या चुका स्वतः बघतात."

मंग हळूच — "मी निखिलला हो म्हटलंय, कल्याण. मनापासून."

मनापासून! हे कशाला सांगितलं?

वळलो. थांब की जरा म्हणेल वाटलं. ती तसं म्हणालीच न्हाई.

१३ ऑगस्ट
काही न्हाई.

१५ ऑगस्ट
पाय धरतो हे सरांनीच वाचलं! ज्यांच्यावर ओरडलो त्यांनीच. कुठं तोंड लपवू? आणि तिची चूक तरी काय. तिनं सगळ्यांसाठी लिहिलं, मी एकट्यानं घेतलं.

१८ ऑगस्ट
शेवटचं म्हणून रिकामीच फाईल पाठवली. संध्याकाळी उत्तर आलं:
"कल्याण, त्या दिवशी तुझं उत्तर बरोबर होतं. तपासणं माझं चुकलं. पायबिय धरायचे नाहीत. लॅब दहाला उघडते."
आईला म्हटलं, उद्या कॉलेजचा डबा भर.