पट्टा क्रमांक सहा

४ फेब्रुवारी, मंगळवार

तिसावं उड्डाण झालं! सव्वादोन तास विमानाचा दांडा माझ्या एकट्याच्या हातात. शिकवणारे कप्तान मागच्या खुर्चीत चहा पीत बसले होते आणि एकदाही "अरे अरे" म्हणाले नाहीत. म्हणून ही नोंद शाईने.

काम काय ते एकदा नीट लिहून ठेवतो, कारण घरी तोंडाने सांगायला गेलो की माझी गाडी मध्येच अडते. आमचं विमान म्हणजे आमच्या पुढच्या दारापासून स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत पंख. आत माणूस बसत नाही. रुळावरून गलोलीतल्या खड्यासारखं सुटतं आणि मग खाडी, दलदल, बंधारा असं सगळं वरून बघत फिरतं. मी जमिनीवर, पत्र्याच्या खोलीत. समोर दोन पडदे. डावीकडे साधा कॅमेरा, माणसाच्या डोळ्याला दिसेल तसं. उजवीकडे उष्णतेचा : गरम ते पांढरं, थंड ते काळं. शेजारी कॅमेरावाली बसते, ती कॅमेरे फिरवते, मी विमान. आग, फुटलेला बांध, हरवलेली माणसं — शोधायचं आणि सांगायचं.

देखरेखीखाली चाळीस उड्डाणं झाली की पक्का परवाना. हुद्दा : टेहळणी वैमानिक. शब्द पाच वेळा लिहून पाहिला. बरोबर आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

ताई आणि भाऊजी जेवायला आले होते. भाऊजींनी बूट काढता काढताच सुरुवात केली — काय वैमानिक, आज किती उंचावर होतात? खुर्चीला गादी आहे ना? मी हसलो. मला उत्तर सुचतं ते नेहमी भांडी घासताना. आईला मात्र वाढतानाच सुचलं. म्हणाली, तो खुर्चीतून दहा कोस बघतो, तुम्हाला समोरचं मीठ दिसत नाही. मीठ खरंच त्यांच्या ताटाशेजारी होतं. ताई इतकी हसली की तिला ठसका लागला.

आईने माझ्या ओळखपत्राचा फोटो गल्लीत किती जणांना दाखवला, ते विचारायचं धाडस नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

कप्तानांनी आधी बावीस वर्षं खरी टेहळणी विमानं उडवली, माणसं बसतात ती. इथे नऊ वर्षं झाली. आज पाऊण तास विमान नुसतं बंधाऱ्यावरून फिरवायला लावलं आणि विचारलं, पाचव्या खांबाजवळ काय होतं? मी सांगितलं, उलटी होडी, तिला दोन फळ्या कमी. म्हणाले, "पुढे बघतो तो ड्रायव्हर. खाली बघतो तो वैमानिक." हे त्यांनी दर वर्षी दर उमेदवाराला सांगितलेलं असणार. तरी मला बरं वाटलं.

इथे बहुतेक जण कॉलेजातून आलेले. मी नववीत शाळा सोडली, बाबांचं आजारपण, मग सहा वर्षं मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात. इथली हाताच्या कौशल्याची परीक्षा सगळ्यांना खुली होती म्हणून आत आलो. पहिला अर्ज परत आला होता — शुद्धलेखनाच्या अकरा चुका, लाल खुणा करून. तेव्हापासून शब्दकोश बघितल्याशिवाय काही लिहीत नाही. कॅमेरावाली मला नावाने हाकच मारत नाही. "ए शुद्धलेखन, डावीकडे घे."

खात्याचं माहितीपुस्तक तीनशे दहा पानांचं आहे. रोज दहा पानं, ओळीखाली बोट ठेवून. बाकीच्यांच्या प्रतींवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

छत्तिसावं. उतरताना पंख घासला, बोटभर रंग गेला. कप्तान म्हणाले, रंगच गेलाय, अब्रू नाही. तरी दुपारचा डबा तसाच परत आणला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

उद्या चाळिसावं! आईने शर्टाला दोनदा इस्त्री केली. मी तिसऱ्यांदा केली.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

क्रमाने लिहितो, नाहीतर सुटेल.

सरावाचं उड्डाण ठरलं होतं, पण पहाटे साडेपाचला खरा शोध आला. एकाहत्तर वर्षांच्या निवृत्त शिक्षिका, विसरभोळ्या झालेल्या, अंधारातच घरातून निघून गेल्या. एक चप्पल दलदलीच्या कडेला सापडली. कप्तान म्हणाले, हेच तुझं चाळिसावं, बस.

दलदलीचे नऊ पट्टे पाडले. आम्ही एकेक पट्टा वरून बघायचा आणि नियंत्रण कक्षाला खूण सांगायची. "रिकामा" म्हटलं की पायी शोधणारे सोळा जण तिकडे जात नाहीत, पुढच्या पट्ट्याकडे वळतात. साडेनऊनंतर भरतीचं पाणी सहा आणि सात नंबरच्या पट्ट्यांत शिरणार होतं. म्हणजे घाई.

पावणेसातला उजाडलं. एक ते पाच झाले. सहावा पट्टा सव्वासातला. लव्हाळं माणसापेक्षा उंच, साध्या कॅमेऱ्यात नुसतं हिरवं. म्हणून सगळी भिस्त उजव्या पडद्यावर. तो सपाट राखाडी. पांढरा ठिपका कुठेच नाही. कप्तान मागून म्हणाले, "रिकामा. चल पुढे." मी सांगितलं, पट्टा सहा रिकामा. सोळा जण पूर्वेला वळले.

आठव्या पट्ट्याच्या टोकाला बंधारा लागला. डाव्या पडद्यावर बंधाऱ्यावर चार गाई उभ्या. उजव्या पडद्यावर नुसता बंधारा. गाई नाहीतच!

तेव्हा आठवलं. पान एकशे त्रेचाळीस. सूर्योदयानंतर काही वेळ जमीन आणि अंग यांची उष्णता पडद्यावर एकसारखीच दिसते, त्या वेळी उष्णतेच्या कॅमेऱ्यावर विसंबू नये. त्या पानावर मी पेन्सिलने रेघ मारली आहे. रेघ मारली, आणि वेळेला विसरलो. म्हणजे सहावा पट्टा मी पाहिलाच नव्हता. त्याच्याकडे तोंड करून बसलो होतो इतकंच.

कप्तानांना सांगितलं. ते म्हणाले, नऊ वर्षं सकाळीच उडवतोय, काही अडलं नाही. आणि खूण मागे घेतलीस तर नियमाने उड्डाण नापास, माहीत आहे ना? माहीत होतं. पान बारा. माझ्या डोक्यात दोनच गोष्टी — आईने केलेली इस्त्री आणि साडेनऊचं पाणी. पाच सेकंद गेले असतील. मला ते पाच सेकंद आवडत नाहीत, पण ते झाले म्हणून लिहितो.

बटण दाबलं. "पट्टा सहा. रिकामा ही खूण मी मागे घेतो. दिसलं नाही."

पलीकडून विचारलं, दिसलं नाही म्हणजे काय? कॅमेरा बंद होता?

"कॅमेरा चालू होता. मला दिसलं नाही."

हे सगळं ध्वनिमुद्रित होतं. माझा आवाज "मला"वर फाटला, तेही मुद्रित झालं असेल.

सोळा जणांना मागे फिरवलं. त्यांच्या मुकादमाने आम्हाला काय म्हटलं ते कॅमेरावालीला ऐकू आलं, तिने मला सांगितलं नाही. कप्तान माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. मी विमान साठ मीटरवर आणलं आणि लव्हाळ्यावरून वावर नांगरावं तसं नेलं, एका सरीला लागून दुसरी. चार फेऱ्या, काही नाही. पाचव्या फेरीला कॅमेरावाली म्हणाली, थांब, ते बगळे त्या एका जागी बसायला जातात आणि लगेच का उठतात? तिकडे वळवलं. उजव्या पडद्यावर मी पांढरा ठिपका शोधत होतो. तिथे काळा डाग होता. उन्हाने चिखल तापला होता आणि त्या ओल्या कपड्यांत गार पडल्या होत्या. पांढऱ्याच्या नादात मी त्याही वेळी पुढे गेलो असतो, पण डाग हलला. हात होता तो.

आठ वाजून बारा मिनिटं. ठिकाण सांगितलं. पायी लोक लव्हाळं तुडवत पावणेदहाला पोचले तेव्हा बाईंच्या पोटऱ्यांपर्यंत पाणी आलं होतं. त्या शुद्धीवर होत्या. मुकादमाने नंतर सांगितलं, त्यांनी त्याला आधी विचारलं, वर्गात यायला इतका उशीर का झाला?

विमान उतरवल्यावर मी खोलीच्या पायरीवरच बसलो. कप्तानांनी तिथे कागद आणून दिला. चाळिसावं उड्डाण : अनुत्तीर्ण. खाली सही. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला, जड, बराच वेळ, आणि आत गेले.

नापास होऊन घरी पळत जावंसं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

१ मार्च, शनिवार

बाईंची मुलगी फाटकाशी आली होती. वरून बघणारा कोण, त्याला तिला भेटायचं होतं. कॅमेरावालीने मला कोपराने पुढे ढकललं. मी विचारलं, दुसरी चप्पल मिळाली का? इतकं मूर्खासारखं! पण ती हसली आणि मग रडली.

नियमानुसार शेवटची पाच उड्डाणं पुन्हा. परवाना एप्रिलवर गेला. चालेल. खरंच चालेल.

दुपारी कप्तानांनी माझं पुस्तक मागितलं. पान एकशे त्रेचाळीस काढून दिलं. त्यांनी ते ओळीखाली बोट ठेवून वाचलं. दोनदा. पुस्तक परत देताना विचारलं, हे सगळं वाचलंयस तू? मी म्हटलं, दोनशे साठपर्यंत.

२ मार्च, रविवार

भाऊजी आले. त्यांना बातमी कळली होती, पण आमच्याकडून ऐकायची होती. आईने सांगितली, माझ्यापेक्षा बरी, फक्त चार गाईंच्या चाळीस केल्या. "नापास झाला" हे तिने असं सांगितलं की ऐकणाऱ्याला पदक वाटावं. भाऊजी म्हणाले, चूक झाली हे फोनवर सांगायला मला तरी जमलं नसतं. मग लगेच, आता गादीचं बघा. त्यांना इतकं गोड बोलणं झेपत नाही.

आज आरशात बघून दाढी करताना म्हणून पाहिलं, टेहळणी वैमानिक. दार लावून. छान वाटतं.

४ मार्च, मंगळवार

छत्तिसावं, दुसऱ्यांदा. पहाटेचंच. कप्तानांनी सूर्योदयानंतर तासभर विमान रुळावरच ठेवलं. नियंत्रण कक्षाने दोनदा विचारलं, उशीर का? दोन्ही वेळा त्यांनी एकच उत्तर दिलं — माझ्या उमेदवाराने सांगितलंय म्हणून. माझे कान तापले. कॅमेरावालीने उष्णतेचा कॅमेरा माझ्यावर रोखला आणि पडद्यावर दाखवले. पांढरे शुभ्र!

६ मार्च, गुरुवार

कप्तानांनी नऊ वर्षांच्या नोंदवह्या टेबलावर काढल्या. उजाडल्यानंतरच्या तासातले "रिकामा" मी वाचत गेलो, ते रेघा मारत गेले. एकेचाळीस. त्यातला एक तीन वर्षांपूर्वीचा, पट्टा चार, सात वाजून पाच मिनिटं, खाली त्यांची सही. वीटभट्टीवरचा मुलगा, वय एकोणीस, अजून सापडलेला नाही. तो त्या पट्ट्यात होता की नव्हता, आता कोणीच सांगू शकत नाही. त्याच्या आईचा पत्ता कप्तानांना न बघता येत होता. उद्या तिच्याकडे जायचं, मी बरोबर हवा आहे.

म्हणाले, "दर वर्षी येऊन एकच विचारते ती. साहेब, नीट पाहिलं होतं ना? आणि दर वर्षी मी हो म्हणत आलोय."