छत्तीस की अडतीस

सुपा, दि. ६ जानेवारी १९९७

ती. ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

कारखान्यातले तिन्ही कॉम्प्युटर मी वायरीनं एकमेकांना जोडले. त्यासाठी वेगळं मोठं मशीन लागलं नाही, प्रिंटरही एकच पुरतो. मी टेबलावर ड्रॉइंग काढतो आणि तुझे सासरे तात्या लेथपाशी ते लगेच पडद्यावर बघतात. तात्यांना मात्र पटलेलं नाही. सगळ्यांच्या कपाटाला एकच दार, अन् त्यालाबी कुलूप न्हाई व्हय, असं चिडवत होते. चार माणसांत कुलूप कशाला, असं मी म्हटलं. त्यांनीच मला इथं चिकटवलं, म्हणून ऐकून घेतो.

दाजींना जयभीम.
तुझा भीमराज

नेवासा, दि. १८ जानेवारी

चि. भीमराज यास,
अ. उ. आ.

तात्या खोलीवरचं सामान घेऊन घरी आलेत. पडद्यावर छत्तीस मिलिमीटर वाचून त्यांनी साठ शाफ्ट कातले. मालकांनी येऊन पाहिलं तर पडद्यावर अडतीस. साठही भंगारात गेले. मिस्त्री, डोळे थकले, आता आराम करा, असं मालक म्हणाले. नगरला तपासून आणलं, तर डॉक्टर म्हणतात नजर साफ आहे. डोळं ठीक हायेत तर डोकंच गेलं असंल, असं तात्या सासूबाईंना म्हणाले. नातीला हाक मारायच्या आधी नाव बरोबर आहे ना, असं मला विचारतात.

तू तिथंच होतास. काय झालं ते लिही.
तुझी ताई

सुपा, दि. २२ जानेवारी

ताई,
मायना लिहायला हात धजत नाही. तात्यांनी छत्तीसच वाचलं होतं. दुसऱ्या कामासाठी मी तेच ड्रॉइंग उघडून अडतीसचा छत्तीस केला आणि ते चुकून जुन्याच नावानं ठेवलं. शाफ्ट पाहिल्यावर चूक कळली, तेव्हा माझ्या खुर्चीवरूनच गुपचूप अडतीस केलं. कुणी बदललं याची कुठं खूण राहत नाही. मालक त्यांना बोलत होते तेव्हा मी तीन पावलांवर मान खाली घालून बसलो होतो.

आज मालकांना सगळं सांगितलं. तात्यांना सोमवारपासून बोलावलंय. माझं नंतर बघू म्हणाले. हे पत्र तात्यांना वाचून दाखवू नकोस. रविवारी एसटीनं येतो, माझ्या तोंडानं सांगतो.
भीमराज

नेवासा, दि. २७ जानेवारी

चि. भीमराज यास,
अ. उ. आ.

तू सांगितलंस तेव्हा तात्या हसले. डोकं शाबूत हाय, असं सासूबाईंना मोठ्यानं सांगितलं, आणि तू हलका होऊन गाडीत बसलास. तू गेल्यावर ते जेवले नाहीत. मी सामान बांधत हुतो तवा वळकटीची दोरी भीमराजनंच आवळून दिली, एवढंच म्हणाले.

हे तू मला लिहिलं नव्हतंस.

आज ते सुप्याला निघालेत. पत्र त्यांच्याच पिशवीत देतेय. यापुढं तू आकडा कागदावर लिहून खाली सही करून द्यायचा, असा त्यांचा निरोप आहे. माफी पुन्हा मागू नकोस. ते बोलतील तेव्हा बोलतील.

लोभ आहे. राग जायला वेळ लागेल.
तुझी ताई, वृषाली