तक्ता बदलला होता

मंगळवार, ९ तारीख, दुपार

प्रिय टिल्लू,

अनेक आशीर्वाद. आम्ही ठीक आहोत. वहिनीने विणलेला स्वेटर ह्यांना पोटावर घट्ट होतो, तरी अंगातून काढत नाहीत.

एकाच आगारात तू बस चालवतोस, मी दवाखान्यात बसते, आणि तरी पत्र लिहितेय, यावरूनच काय ते ओळख. तोंडावर बोलायला गेले की तू हसवतोस आणि मी विरघळते.

काल डोळे तपासताना तू एका डोळ्यावर हात ठेवलास आणि शेवटची ओळ पाढ्यासारखी घडाघडा म्हणून दाखवलीस. अरे, ती जुन्या तक्त्यावरची ओळ होती! बारा वर्षं माझ्या खोलीत डबा खातोस, समोर तोच तक्ता. मला गेल्या वर्षीच शंका आली होती, म्हणून शनिवारी मुद्दाम नवा टांगला. तक्ता बदललाय हेसुद्धा तुला दिसलं नाही.

आणि तरी मी 'पास' लिहून सही केली.

कारणं तयारच होती. अठरा वर्षांत गाडीला ओरखडा नाही. रस्ता तोंडपाठ. स्टिअरिंग सुटलं तर हा घरी बसून खंगेल. एकेक कारण कसं बिनतोड! मन आधीच ठरवून मोकळं झालं होतं, डोकं बिचारं नुसती त्याची वकिली करत होतं.

आज सकाळी तुला न सांगता तुझ्याच बसमध्ये बसले. शाळेच्या कोपऱ्यावर एक बाई लेकराचं बोट धरून रस्ता ओलांडत होती. कंडक्टर "अहो, ब्रेक!" म्हणून किंचाळला तेव्हा तू थांबलास. हातभर अंतर राहिलं. वर म्हणालास, "बाई एकदम मध्ये आली." एकदम नाही रे. मला पाचव्या बाकावरून केव्हाची दिसत होती.

शहाणपण वगैरे काही नाही, भीतीनेच मला आगाराच्या साहेबांच्या खोलीत नेलं. लेखी दिलंय: तू नापास, आणि कालची माझी सही खोटी. माझं काय करायचं ते करोत. कागद मागे घेणार नाही, वहिनीला मध्ये घालू नकोस.

शुक्रवारी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. नजर सुधारेल की नाही, देव जाणे.

रागावशील. रागाव. घरी येऊन हवं तेवढं भांड, मी ऐकून घेईन. फक्त स्कूटर घेऊन येऊ नकोस.

तुझीच,
ताई