दुपारी एक ते चार

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. (कंबर धरली आहे, वाकलो असं मानून घे.) तुझे गुडघे काय म्हणतात? मांजर जेवतं ना? निवृत्तीनंतर तुझ्याकडे राहायला येऊ का, असं तू विचारलं आहेस, ते विसरलेलो नाही. पण आधी आज काय झालं ते ऐक.

माझं काम तुला ठाऊक आहे. ईमेलच्या सर्व्हरवर आलेलं पत्र पुढे धाडायचं, सगळ्यांचं सारखं, मध्ये आपलं डोकं चालवायचं नाही. वीस वर्षं मी ग्राहकांना हेच ऐकवतो आहे. आज सकाळी गादीवाल्या काकू येऊन बसल्या. म्हणाल्या, "दुपारी एक ते चार मी जरा आडवी होते. तेव्हाची मेल मला चारला पोचवा." नियम सगळ्यांना एकच, असं मी तीनदा सांगितलं. चौथ्यांदा त्यांनी मला नमुन्याच्या उशीवर डोकं टेकवायला लावलं. (उशी बरोबरच आणली होती.) उठलो तो होकार देऊनच. त्या गुंगीत लिहिलेला नियम एकट्या काकूंऐवजी साऱ्या गावाला लागू झाला, आणि चारला पत्रं सोडायची हे लिहायचं राहूनच गेलं.

ताई, अशी दुपार मी पाहिली नव्हती. कुणाचा फोन नाही. समोरचा वकील खिडकीत उभा राहून ढग बघत होता. आमचे साहेब खुर्चीत मांडी घालून लहानपणी पाळलेल्या कासवाबद्दल बोलत राहिले. पंखा फिरत होता, पडद्यावर थांबलेल्या पत्रांची रांग हळूहळू लांबत होती, आणि मला आपली खोली आठवली. तू मला थोपटायचीस आणि आधी स्वतःच झोपायचीस. मी जागा राहून तुझा श्वास मोजायचो. तेवढ्यात रांगेत माझंच पत्र दिसलं, एक वाजून सात मिनिटांनी तुला धाडलेलं. मला फार लाज वाटली.

नियम आता दुरुस्त केला आहे. अडकलेली पत्रं तपासून सोमवारी सुटतील. ही चिठ्ठी काकूंच्या टेम्पोतून उद्याच पोचेल.

तुझा,
धाकटा

ता. क. सोमवारी येणाऱ्या त्या पत्रात मांजर चालणार नाही, माझं वेळापत्रक ठरलेलं आहे, मागची खोली रिकामी नाही, असं बरंच आहे. भुकेल्या पोटी लिहिलं होतं. मला ते काढून टाकता आलं असतं, पण दुसऱ्याच्या पत्राला हात लावायचा नाही हा माझा नियम, आणि धाडलं तेव्हाच ते तुझं झालं. तेव्हा न वाचता तूच पुसून टाक.

आणखी एक. मागच्या खोलीतले खोके संध्याकाळी हलवले. (कंबर त्यातच धरली.) तुला गादी मऊ हवी की कडक, असं काकू विचारताहेत. टेम्पोवाला उत्तरासाठी थांबेल. मांजराला वेगळी लागत असेल तर तेही कळव.