नवसाची गाठ

सौ. मायाक्का,

बिरुदेवाची तुम्हा सगळ्यांवर छाया असो. मी बरा आहे, काम सावलीत आहे. आपल्या सुकन्याचा खोकला गेला का?

काल इथल्या जुन्या बंगल्याच्या डागडुजीत बुजवलेला कोनाडा उघडला. आत भंडाऱ्यानं पिवळ्या झालेल्या फडक्यात बांधलेली नवसाची सुपारी निघाली. मालकीणबाई म्हणाल्या, "गाठ सोडा की, बिरप्पा!"

"बाई, नवस फळला की बांधणाऱ्यानंच सोडायची असती."

त्या हसल्या, मग हात जोडले. मी गाठ आत ठेवून कोनाडा पुन्हा बुजवला, वर चुना लावला. दिवसभर वाटलं, भिंतीमागं कुणीतरी अजून वाट बघतंय.

मी परांचीवरून पडलो तेव्हा तूही देव्हाऱ्यामागं अशीच गाठ बांधलीस. मी पाहिलं होतं. सोडली नसशील तर राहू दे. पाय अजून थोडा ओढतो. बिरुदेवाच्या देवळापर्यंत चालत येईन, मग सोड.

तुझा,
बिरप्पा