तिसऱ्या चाचणीबद्दल

प्रिय धाकटे,

गेल्या आठवड्यात तू फोनवर विचारलंस, "पुढच्या महिन्यात आम्ही सगळे तिकडे राहायला आलो की भिंगरीला रोज सकाळी गाडीने शाळेत सोडशील का?" आणि मी "बघतो" म्हणालो. मी "बघतो" म्हणणाऱ्यांतला नाही, हे तुला माहीत आहे. म्हणून तर तू लगेच विचारलंस, "दादा, तब्येत बरी आहे ना?" तब्येत बरी आहे. उत्तर मात्र नाही असं आहे. तुझ्या नातीला मी गाडीत घेणार नाही, तू कितीही गळ घातलीस तरी नाही. त्याचं कारण पानभरात सांगून होईल. उरलेलं पत्र दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे, आणि ते वाचून झाल्यावर तू माझ्याशी पहिल्यासारखी बोलशील की नाही, हे मला खरंच सांगता येत नाही.

आधी कारण. गेलं वर्षभर तुझी वहिनी गाडीत शेजारी बसून सतत बोलत असायची. "डावीकडून सायकल येतेय. पुढचा दिवा लाल झाला. त्या बाईला रस्ता ओलांडायचाय वाटतं." मी वैतागायचो. तीस वर्षं मी परीक्षक म्हणून लोकांच्या शेजारी बसलो, लायसन्स द्यायचं की नाही ते ठरवलं, आणि आता घरचं माणूस मला गाडी शिकवणार? बायका गाडीत कटकट करतात, हे आपण सगळे धरूनच चालतो. एकदा तर मी तिला भर रस्त्यात "उतर आणि बसने ये" म्हणालो होतो. ती उतरली नाही, तो भाग वेगळा. मग ती आठ दिवस तिच्या बहिणीकडे गेली आणि मी एकट्याने गाडी काढली. शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडायला मदत करणारी एक बाई उभी असते, पिवळ्या कोटातली, हातात थांबायचा फलक घेऊन. ती मला दिसली नाही. पुढची चाकं पांढऱ्या पट्ट्यांवर जाऊन थांबली. मुलं अजून फुटपाथवरच होती, कुणाला काही झालं नाही. बाईने बॉनेटवर टकटक केलं आणि म्हणाली, "आजोबा, एवढी मोठी मी, दिसले नाही का तुम्हाला?" खरं उत्तर "नाही" हेच होतं. मी "सॉरी" म्हणालो आणि घरी आलो. वहिनी परतल्यावर तिला हे सांगितलं, तर ती शांतपणे म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे." तिच्या हिशेबाने ती कटकट करतच नव्हती. वर्षभर आम्ही दोघं मिळून गाडी चालवत होतो.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता आहे, अगदी आमच्या कचेरीत होता तसाच, त्याच छापाचा. मी वरपासून खालपर्यंत एकही अक्षर न चुकता धडाधड वाचला. डॉक्टरबाई तुझ्या मुलीच्या वयाच्या असतील. त्या हसून म्हणाल्या, "काका, वाचताय की पाठ म्हणताय?" मला राग आला. त्यांनी खणातून दुसरा तक्ता काढून लावला. त्याच्या दोन ओळी वाचता आल्या, तिसरीपासून नुसता धुरळा. मग डोक्यात प्रकाश पडला. तीस वर्षं मी त्या तक्त्याशेजारी उभा राहून लोकांकडून तो वाचून घेतला होता. निवृत्तीनंतर दोनदा लायसन्सचं नूतनीकरण केलं, तेव्हाही हाच तक्ता, आणि दोन्ही वेळा "नजर उत्तम" असा शेरा. धाकटे, मी खोटं बोललो का? मला तर वाटत होतं मी वाचतोय. अक्षरं मला दिसतही होती, फक्त ती भिंतीवरची नव्हती. एका शिंप्याला मी याच गोष्टीसाठी चारचौघांत फैलावर घेऊन हाकलून दिलं होतं. त्याने तक्ता पाठ केला होता आणि तसं कबूलही करत होता. आता वाटतं, माझ्यापेक्षा तोच बरा, त्याला निदान ठाऊक तरी होतं. तू म्हणशील, दादाचा प्रामाणिकपणाही असाच पाठ केलेला. म्हण, हरकत नाही.

आमच्या कचेरीतला लोणी तुला आठवतो का? ढेरपोट्या, सदा हसतमुख, उमेदवाराला घाम फुटला की आधी पाणी प्यायला लावणारा. त्याच्याकडे दहातले आठ पास व्हायचे आणि माझ्याकडे चार. त्यामुळे तो ढिला आणि मी कडक, तो लोकांच्या शब्दाला भुलणारा आणि मी सरळ, हे कुणी कधी तपासलं नाही. मीही नाही. त्याच्याबरोबर डबा खातानासुद्धा मी जरा वरच्या पायरीवर बसल्यासारखा बसायचो. मी निवृत्त व्हायच्या वर्षी एक नवी अधिकारी आली, तिला आकड्यांचं वेड. तिने पंधरा वर्षांतले अपघात काढले आणि कुणाच्या हातून पास झालेल्यांनी शंभरामागे किती केले, ते मांडलं. लोणीचे आणि माझे सारखेच निघाले. काडीचाही फरक नाही. मी तिला म्हणालो, तुमची पद्धत चुकली असेल. लोणी एवढंच म्हणाला, "अरे, घाबरलेला माणूस परीक्षेत वाईट चालवतो, म्हणून तो वाईट ड्रायव्हर असतो असं थोडंच?" आणि पुन्हा डब्यातलं खायला लागला. मी ते तिथेच सोडून दिलं, कारण माझ्याकडे आणखी एक पुरावा होता आणि तो कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा होता. तो पुरावा म्हणजे तू.

गेल्या सोमवारी मी लायसन्स परत करायला आमच्याच जुन्या कचेरीत गेलो. खिडकीवरचा कारकून मला कधी भेटलेला नव्हता, पण नाव वाचून उठून उभा राहिला. शेजारच्या मुलीला म्हणाला, "हेच ते साहेब. सख्ख्या बहिणीला तीनदा नापास केलं, पण तत्त्व सोडलं नाही." मुलगी माझ्याकडे अशी बघत राहिली की मला खिडकीसमोरून बाजूला व्हावंसं वाटलं. नव्या माणसांना शिकवताना ही गोष्ट सांगतात म्हणे. मला त्यात नवल वाटलं नाही, कारण ती जगभर तूच सांगत आली आहेस. लग्नकार्यात, तुझ्या हॉस्पिटलच्या वॉर्डमधल्या मैत्रिणींना, मुलांना तर किती वेळा. "आमचा दादा असा! माझीसुद्धा गय केली नाही." सगळे हसायचे, तू सगळ्यांत जास्त हसायचीस आणि वर मुलांना म्हणायचीस, "मामासारखं व्हा." मी मान खाली घालायचो आणि लोकांना तो विनय वाटायचा.

तुला न मिळालेल्या त्या लायसन्सवर तुझी नोकरी अडली होती. घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची देखभाल करायची, स्वतःची गाडी, स्वतःच्या वेळा, मुलं शाळेतून यायच्या आत घरी. तुला निवडलंही होतं त्यांनी, फक्त लायसन्स हवं होतं आणि महिनाभराची मुदत होती. ती गेली. मग शहराच्या दुसऱ्या टोकाचं हॉस्पिटल, जाताना दोन बस, येताना दोन बस, सव्वीस वर्षं. तुझा धाकटा गृहपाठ शेजाऱ्यांच्या जिन्यात बसून करायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तू एका शब्दाने मला बोलली नाहीस. तू बोलली असतीस तर बरं झालं असतं, असं लिहिणार होतो, पण तेही स्वतःची सोय बघणंच झालं.

आता गाडीचं. ती दारात उभी आहे. वहिनी म्हणते, ती तुला द्यावी आणि तू पुन्हा शिकावंस. एकसष्ट हे काही शिकायचं वय नव्हे, असं माझ्या तोंडावर आलं होतं, पण या महिन्यात माझ्या इतक्या ठाम समजुती निकालात निघाल्यात की मी गप्प बसलो. इथे एक चांगली शिकवणारी आहे. चौकशी करून ठेवली आहे. भरपाई म्हणून गाडी देत नाहीये, कारण याची भरपाई होत नाही. घ्यावीशी वाटली तर घे, नाही तर विकून टाकेन. भिंगरीच्या शाळेच्या बसचं मी बघतो. हे "बघतो" खरं आहे, अर्ज भरलाय.

पहिल्या दोन वेळा तू नापासच होतीस. एकदा चढावर गाडी मागे गेली, एकदा तू खांब पाडलास. तिसऱ्या वेळी तुझी फाईल लोणीच्या टेबलावर होती. ती मी स्वतः उचलून आणली, कारण लोणीने तुला पास केलं असतं तर लोक म्हणाले असते, भावाने शब्द टाकला. तू चढ चढलीस, खांबांमधून गाडी मागे घेतलीस, वळणावर थांबून सायकलवाल्याला वाट दिलीस. मी कागदावर चुकीची एकही खूण करू शकलो नाही. मैदानाच्या टोकाला कचेरीतले सगळे चहाचे कप घेऊन बघत उभे होते. मी अशी चूक शोधली जी शेजारी बसलेल्याशिवाय कुणालाच दिसत नाही, आणि लिहिलं, "वळताना आरशात पाहिलं नाही." तू घरी येऊन रडलीस आणि मग मलाच समजावलंस, "दादा, मला आठवतंय ना, नाहीच पाहिलं मी, घाईत राहून गेलं." एकतीस वर्षं तू हे सांगतेस. आता तर तुला ते पक्कं आठवतं, कोणत्या वळणावर राहिलं तेसुद्धा. म्हणून हे पत्र. तू पाहिलं होतंस, धाकटे. प्रत्येक वळणावर पाहिलं होतंस.

तुझाच,
दादा